न नेलेले कपडे

८ नोव्हेंबर

माझ्या पुस्तकाच्या प्रती आज आल्या. पार्सल बाबांनी घेतलं आणि सवयीने त्याला टोकन अडकवून फळीवर ठेवून दिलं. मी दुपारभर वाट बघत जिन्यावरून वर-खाली करतेय, आणि पुस्तक आमच्याच लाँड्रीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांमध्ये पडलंय.

"मला काय ठाऊक," बाबा म्हणाले. "चौकोनी होतं. वाटलं कोणाच्या चादरी असतील. घे ग्रॅज्युएट, तुझ्या चादरी."

पदवी मिळाल्यापासून मला या घरात कोणी नावाने हाक मारत नाही. चहा सांडला तरी "ग्रॅज्युएटने सांडला."

पुस्तकाचं नाव 'घामोबा'. घामोबा हा एक शर्ट आहे. तो धुवून घ्यायला तयार नसतो. सगळी गल्ली नाक दाबून पळते, आणि शेवटी तो पाय घसरून टबात पडतो, स्वच्छ होतो, मुलं टाळ्या वाजवतात. संपादक बाई म्हणाल्या, तुमची कल्पना कुठून आली हो इतकी ताजी?

कल्पना चिमटीची. चिमटी म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी, सात वर्षांची. तान्ही असताना कोणाचाही कपडा धरला की सोडायची नाही, म्हणून चिमटी. दादा परगावी कामाला गेला तेव्हा त्याचा एक चौकड्यांचा शर्ट न धुताच मागे राहिला. तो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय, पिशवीच्या तोंडाला दोरीवरचा चिमटा. रोज संध्याकाळी ती चिमटा काढते, पिशवीत नाक घालते, लगेच बंद करते. मी एकदा विचारलं, इतक्या घाईने का? म्हणाली, "जास्त वेळ उघडी ठेवली तर संपतो."

माझा हात लगेच केसांत गेला. पेन्सिल मी अंबाड्यात खोचून ठेवते, घरात काही ऐकलं की हाताशी असावी म्हणून. ते वाक्य मी रद्दीच्या कागदावर उतरवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मुलांची कल्पनाशक्ती किती अफाट असते.

एका गोष्टीने मात्र आनंदात खडा पडला. मागच्या पानावर माझा परिचय आहे. 'लेखिकेचं बालपण पुस्तकांच्या सहवासात गेलं.' हे मी सांगितलेलं नाही. पण संपादक बाईंनी विचारलं होतं, "घरी वाचनाचं वातावरण असेल ना?" आणि मी मान हलवली होती. आमच्या घरात छापील कागद यायचा तो इस्त्रीचे कपडे गुंडाळायची रद्दी म्हणून. त्यात मुलांच्या पुरवण्या असत. गोष्ट अर्धी छापलेली, पुढचा भाग कोणाच्या तरी पँटीभोवती गेलेला. उरलेली गोष्ट मी मनाने रचायचे. खरं म्हणजे मी लेखिका झाले ती तिथे. हे सांगायला काय हरकत होती?


११ नोव्हेंबर

चिमटीला पुस्तक वाचून दाखवलं. आई, बाबा, वहिनी सगळे बसले होते. नाक दाबायच्या जागी बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "आमच्या धंद्यावर पुस्तक काढलंस, धंद्याला एक ओळ तरी जाहिरातीची घालायचीस."

चिमटी हसली नाही. शेवटचं पान झाल्यावर तिने एकच विचारलं. "मग नंतर त्याला कोणाचा वास येत होता?"

"साबणाचा," मी म्हटलं. "छान, फुलांचा."

"बरं," ती म्हणाली.

मग पिशवी घेऊन पलंगाखाली जाऊन बसली. गोष्टीत गुंगली असावी. लहान मुलांना चांगली गोष्ट पचवायला वेळ लागतो, असं मी कुठेतरी वाचलंय.

वहिनी भांडी घासायला उठली. तिला पुस्तक कसं वाटलं ते विचारायचं राहून गेलं.


१९ नोव्हेंबर

दोन बातम्या. चिमटीच्या वर्गाच्या बाईंनी मला शाळेत पुस्तक वाचायला बोलावलंय. आणि संपादक बाईंनी विचारलंय, नव्या वर्षापासून त्यांच्या शहरात, मुलांच्या पुस्तकांच्या विभागात मदतनीस म्हणून याल का. मी हो म्हटलं. आमच्या घराण्यात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली असेन. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "खुर्ची फिरती आहे का बघ. फिरती असली तर घे."

घरात जागेची अडचण आहे, म्हणून वहिनीने दादाचे कपडे आणि बूट बांधून माळ्यावर टाकले. चांगलंच केलं, कपाट मोकळं झालं. दादाचा फोन हल्ली कमी येतो. आला की वहिनी जिन्यात जाऊन बोलते, कारण खाली मशीनचा आवाज असतो. वर आली की लगेच काहीतरी धुवायला घेते. कामसू आहे बिचारी. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, तरी बसत नाही.


२६ नोव्हेंबर

उद्या शाळेत वाचन. संपादक बाई म्हणाल्या, हातात काहीतरी वस्तू असली की मुलं गोष्टीला चिकटतात. साहजिकच शर्ट.

चिमटीकडे मागितला. तिने पिशवी छातीशी धरली.

"पिशवीतून काढायचा नाही," म्हणाली.

"नाही काढणार."

"लांबूनच दाखवायचा."

"लांबूनच."

"आणि उद्याच परत."

"शप्पथ," मी म्हटलं. तिने पिशवी दोन्ही हातांनी दिली. काचेचं भांडं द्यावं तशी.


२७ नोव्हेंबर

शाळेतलं वाचन झालं. वर्ग खचाखच भरला होता, दोन वर्ग एकत्र केले होते. मी सांगितलं की सगळी मुलं नाक दाबून "शीऽऽ" म्हणायची. काच थरथरली. बाई म्हणाल्या, इतकी मुलं एकदम गप्प बसलेली आणि एकदम ओरडलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

शर्ट हँगरला लावून फळ्यावर टांगला होता. आईने काल रात्री तो धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून दिला होता. सकाळी घाईत मी पाहिलं तेव्हा तो दाराला टांगलेला होता आणि पिशवी घडी करून खाली ठेवलेली होती.

चिमटी तिसऱ्या रांगेत होती. मी शर्टाकडे बोट दाखवलं तेव्हा तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "हा हिच्या बाबांचा आहे. ही रोज वास घेते." सगळे हसले. मागून कोणीतरी "घामोबा, घामोबा" सुरू केलं. गोष्टीच्या ओघात ते चालून गेलं.

शेवटच्या पानानंतर चिमटी उठून पुढे आली. कोणाला न विचारता तिने शर्टाची बाही धरली आणि नाकाला लावली. मग कॉलर. मग काखेचा भाग. सगळा वर्ग हसत होता. बाई म्हणाल्या, "किती गोड, आत्याच्या गोष्टीत अगदी शिरली आहे." मीही हसले. टाळ्या पडत होत्या आणि मी वाकून नमस्कार करत होते.

चिमटी जागेवर जाऊन बसली. हात मांडीवर ठेवून, फोटो काढताना बसतात तशी.

घरी येताना तिने माझा हात धरला नाही.


२८ नोव्हेंबर

काल मी लिहिलं की आईने शर्ट धुतला. हे खोटं नाही, पण खरंही नाही.

आई दारात उभी राहून म्हणाली होती, "अगं, याची कॉलर बघ. लाँड्रीवाल्याच्या घरातून असला शर्ट शाळेत न्यायचा? बाई काय म्हणतील? टाकू का मशीनमध्ये?"

मी उजळणी करत होते. पण ऐकू आलं नव्हतं असं नाही. मला कॉलर दिसली होती. डोळ्यांसमोर शाळेतल्या बाई आल्या होत्या, शुभ्र ओढणीतल्या, आणि त्यांच्यासमोर मळका शर्ट हातात धरलेली मी. कॉलेजात असताना मी जायच्या आधी कपडे गॅलरीत तासभर वाऱ्यावर ठेवायचे, खळीचा आणि वाफेचा वास जावा म्हणून. तेच आठवलं. शपथ घेऊन तासही झाला नव्हता.

मी म्हटलं, "टाक."

म्हटल्यावर बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.


३० नोव्हेंबर

चिमटी बोलते. पाणी दे म्हणते, शाळेचा डबा झाला का म्हणते. रागावलेली नाही. रागावली असती तर मला समजूत काढता आली असती. ती माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलते.

आज लाँड्रीत वहिनी आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. ती दोन टोकं धरते, मी दोन, मग पुढे येऊन टोकाला टोक. मी म्हटलं, "वहिनी, दादाला सांग ना, एक वापरलेला शर्ट पाठवून दे. पोस्टाने. न धुता."

वहिनी पुढे आली, माझ्या हातातली टोकं घेतली आणि मागे गेली नाही.

"त्याला काय सांगू? कुठल्या नात्याने मागू?"

"म्हणजे?"

"अगं, त्याने तिकडे दुसरं घर केलंय. मेपासून. तो येणार नाही."

मशीन फिरत होतं. मी विचारलं, "चिमटीला माहीत आहे?"

"तिला माझ्याआधी कळलं. फोनवर तिने त्याला विचारलं, मागे कोण हसतंय. तो म्हणाला, कोणी नाही." वहिनीने चादर फळीवर ठेवली. "आई-बाबांनाही माहीत आहे. तुझ्या परीक्षा होत्या, मग तुझं पुस्तक होतं. म्हटलं, हिला कशाला."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस का कधी?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तू आमच्याकडे बघतेस खूप. मला वाटायचं, बघतेय म्हणजे दिसत असेल."


१ डिसेंबर

मागची पानं वाचली. फोन कमी येतो. कपडे माळ्यावर. जिन्यात जाऊन बोलते. कामसू आहे बिचारी.

सगळं लिहिलंय माझ्याच अक्षरात.


९ डिसेंबर

एक मूर्खपणा केला. दादा वापरायचा तो साबण आणि केसांचं तेल आणलं. बाबांना म्हटलं, हा शर्ट दिवसभर घालून इस्त्रीला उभे राहा, घाम येऊ द्या.

बाबांनी शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निमूट घातला. पोटावर बटण लागेना. संध्याकाळी आई म्हणाली, "अंगात काय घातलंय? लेकाचा वारसा उलटा घेतलात का?" एरवी त्यांनी सोडलं नसतं. आज नुसती इस्त्री फिरवत राहिले.

शर्ट पिशवीत घालून, चिमटा लावून मी चिमटीपुढे ठेवला. तिने उघडून नाक घातलं.

"हे आजोबा आहेत," ती म्हणाली.

मग आणखी एकदा हुंगलं. "आणि दुकान आहे. आणि तू काहीतरी लावलंयस."

तिने पिशवी मला परत दिली. "राहू दे आत्तू," म्हणाली. मोठ्या माणसाने लहानाला म्हणावं तसं.


१४ डिसेंबर

संपादक बाईंना फोन केला. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत शेवट बदलायचाय. घामोबा धुतला जायला नको.

"अहो, असं कसं?" त्या म्हणाल्या. "शाळांना तोच भाग आवडलाय. स्वच्छतेचा संदेश आहे. मुलांना शेवट गोड लागतो. आणि बदलून करणार काय?"

मी म्हटलं, एका वाचकाची तक्रार आहे. त्या हसल्या. "एका वाचकासाठी पुस्तक नाही बदलत बाई. तुम्ही आता आमच्याकडे येताय, हे शिकालच."

परिचयातलं ते वाक्य तरी काढा, असं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरी पुस्तकं नव्हती, आमची लाँड्री आहे. मग त्या म्हणाल्या, "अरे वा, हे तर फारच छान आहे. हेच टाकू." त्यांचा आवाज उजळला होता. तो सूर मला ओळखीचा वाटला. माझा हात पेन्सिलीकडे जातो तेव्हा माझ्या आत तोच वाजतो.


१७ डिसेंबर

चिमटीची माफी मागणारी एक गोष्ट लिहिली. लिहिताना दोनदा रडले. चांगली झाली आहे, हे लिहितानाच कळत होतं, आणि ते कळत होतं याची लाज वाटत होती. तिला जवळ घेऊन वाचायला सुरुवात केली. तिने पहिल्या ओळीलाच थांबवलं.

"हेही छापणार का?"

"नाही गं. फक्त तुझ्यासाठी."

"मग लिहिलं कशाला? तोंडाने सांग."

मी कागद बाजूला ठेवला. सांगायला तोंड उघडलं. कागदाशिवाय मला "माझं चुकलं" एवढंच आलं.

चिमटीने माझ्या तोंडाकडे बघितलं. "झालं?" म्हणाली.

"झालं."

"बरं." आणि खेळायला गेली.


२१ डिसेंबर

लाँड्रीत मागच्या भिंतीला एक दांडी आहे, न नेलेल्या कपड्यांची. लोक कपडे टाकतात आणि विसरतात, गाव सोडतात, काय काय होतं. बाबा ते फेकत नाहीत. टोकन लावून तिथे टांगतात. माझ्या लहानपणापासून एक करडा कोट तिथे आहे. आम्ही त्याला काका म्हणायचो.

आज बाबांनी मला बोटाने दाखवलं. कोटाच्या शेजारी दादाचा शर्ट. व्यवस्थित हँगरला, वरचं बटण लावलेलं, कॉलरला पिनने टोकन टोचलेलं. उंची पुरावी म्हणून कोणीतरी स्टूल ओढून आणलं होतं, ते तसंच खाली होतं.

"तिने विचारलं, आजोबा, इथे किती दिवस ठेवतात," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, कायमचं. म्हणाली, मग ठीक."

"काढायचा का?"

"कोणी काढायचा?" बाबांनी इस्त्री उभी केली. "नियम काय आहे? ज्याचा आहे त्याने यावं, टोकन दाखवावं."

त्यांनी दुसरा शर्ट पसरला आणि पाणी शिंपडलं. त्यांच्या मुलाचा शर्ट आहे तो. हे मला इतक्या दिवसांत आज सुचलं. पेन्सिल केसांतून काढली आणि गल्ल्याच्या खणात टाकली.


२ जानेवारी

दहा तारखेला निघायचंय. बॅग भरायला काढली. सगळं सापडलं, निळा स्वेटर सापडेना. कोपराला भोक पडलेला, लिहायला बसताना घालते तो. धुण्यात नाही, दोरीवर नाही.

चिमटीला मी गेल्या आठवड्यात नीट बसवून सांगितलं होतं. कुठे जाणार, कुठली खोली, रविवारी फोन कधी करणार, सुटी कधी. मी ठरवलं होतं की या घरात आता तिला कोणी काही न सांगता जाणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. "माहीत आहे," म्हणाली. मला वाटलं, तिला फरक पडत नाही. पडावा अशी अपेक्षा करायचा मला अधिकारही नव्हता.

पलंगाखाली वाकले तर मागच्या कोपऱ्यात, शर्ट असायचा तिथे, प्लॅस्टिकची पिशवी. हवा पूर्ण काढलेली, दाबून घट्ट बसवलेली. तोंडाला एक नाही, दोन चिमटे. प्लॅस्टिकमधून निळा रंग दिसत होता, आणि कोपराचं भोक.

कॉलेजची तीन वर्षं मी जो वास गॅलरीत वाऱ्यावर सोडायचे, तो आत होता.

हात लावला नाही. पिशवी उघडली नाही. होती तशीच ठेवून बाहेर आले आणि बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिले.

जेवताना आई म्हणाली, "तुझा तो फाटका स्वेटर कुठाय? जायच्या आधी एकदा गरम पाण्यातून काढते. उगाच तिकडे जाऊन बापाच्या लाँड्रीचं नाक कापू नकोस."

चिमटीचा घास हातातच राहिला. ती ताटात बघत होती.

"हरवला," मी म्हटलं.

"हरवला? घरात?"

"वाचनालयात विसरले बहुतेक."

"ऐका," आई बाबांना म्हणाली. "लाँड्रीवाल्याची पोर, आणि अंगावरचा कपडा हरवून येते. ग्रॅज्युएट म्हणे."

वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चिमटीकडे, आणि मान खाली घालून भात कालवायला लागली.

"चिमटे, तू पाहिलास का गं हिचा स्वेटर?" आईने विचारलं.

चिमटीने घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"नाही आजी," ती म्हणाली. "मी पण नाही पाहिला." आणि ताटाच्या कडेने तिचा पाय माझ्या पायाला येऊन टेकला. जेवण होईपर्यंत तिथेच होता.